नाव लिहून घ्या

काही वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात मी रोवणीची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. पावसाची रिपरिप, पोटरीभर चिखल, बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बारा-तेरा बाया. एकजण ओळ सुरू करायची, बाकीच्या ती उचलायच्या. घरी येऊन मी वहीत नोंद केली : ‘रोवणीगीत, समूहस्वर, अर्जुनी मोरगाव.’ पुढच्या वर्षी टाइप केलेले कागद घेऊन त्याच गावी गेलो, मोठ्या अभिमानानं. गाणं सुरू करणाऱ्या बाईंनी कागद नातीकडून वाचून घेतला. सगळं ऐकलं आणि विचारलं, “माहा नाव कोटी आहे गा?”

नाव नव्हतंच. मी विचारलंच नव्हतं.

संगीत, नाट्य किंवा लोककला या विषयात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारी मुलं-मुली अधूनमधून गोंदियात येतात. कुणी नागपूरहून, कुणी पुण्या-मुंबईहून, कुणी खैरागडहून. ‘कलेतली समता’ हा विषय आता त्यांच्या मार्गदर्शकांच्याही आवडीचा झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण समतेचा प्रश्न प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात येत नाही. तो पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर येतो : कुणाचं नाव लिहिलं, कुणाचं राहिलं. पुढचं सगळं या चुकीतून शिकलेल्या माणसाचं सांगणं आहे, असं समजून वाचा.

आधी विषयाच्या नावाबद्दल. ‘झाडीपट्टी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक कृपा करून घेऊ नका. (झाडीपट्टी म्हणजे आमचा हा पूर्व विदर्भाचा धानाचा पट्टा.) शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन अर्धा तास बसलात, तर ‘एक अभ्यास’ या वळणाच्या शीर्षकांनी डोळे दमतात. अशा प्रबंधात इतिहास, स्वरूप, वैशिष्ट्यं, समस्या, उपाय अशी प्रकरणं आपोआप पडतात आणि माणूस कुठेच सापडत नाही. विषय घेऊ नका, प्रश्न घ्या. एका नाटकाच्या रात्री जमलेले पैसे कुणाच्या हातात किती पडतात? दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्यात बाईचं काम करणारा पुरुष म्हातारा झाला की काय करतो? लग्नात बाया गातात त्याला ‘रीत’ म्हणतात आणि पुरुष मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, गातो त्याला ‘कला’, हे कधीपासून? यातल्या एकेका प्रश्नावर तीन वर्षं सहज जातात.

उभं राहणं आणि बसणं यावरसुद्धा प्रबंध होऊ शकतो. शेजारच्या छत्तीसगडातल्या तीजनबाईंचंच घ्या. पंडवानी म्हणजे महाभारताची कथा गाऊन सांगणं. तिच्या दोन शैली : बसून गायची ती वेदमती, उभं राहून अभिनयासह गायची ती कापालिक. उभं राहणं पुरुषांचं मानलं जाई. तीजनबाई तंबुरा हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आता हाच चष्मा लावून आपल्याकडच्या दंडारीकडे बघा. बैठी दंडार आहे, खडी दंडार आहे, परसंगी दंडार आहे. खडी गंमत आहे, तिच्यात डफ-तुणतुणं घेतलेले शाहीर आहेत आणि नाच्या आहे. कोण उभं राहतं, कोण मागे झील धरतं, कोण नुसतं बघतं आणि कुणाला बघायलाही मागच्या बाजूला बसावं लागत होतं? कागदावर फक्त बसण्याची जागा काढून बघा. मी एका विद्यार्थिनीला एवढंच काम दिलं होतं. तिनं सात गावांचे सात नकाशे काढून आणले. ते नकाशेच तिच्या प्रबंधाचा कणा झाले.

दुसरी सवय सोडायची, ती ‘लोप पावत चाललेली कला’ म्हणून हळहळण्याची. कला लोप पावते तेव्हा कधी कधी कुणीतरी ती मुद्दाम टाकलेली असते. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात १९५४च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. ते हरले. दोन वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्या वाऱ्यात अनेक घरांनी जातीनं लादलेली कामं टाकली, त्यांत गावचं वाजवणंही होतं. दिवाळीला, लग्नाला, मढ्यापुढे वाजवायचं, बदल्यात पसाभर धान आणि हाक मारताना एकेरी नाव. आपलं वाद्य आढ्याला टांगून ठेवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे बसून “तुमची परंपरा संपली याचं वाईट वाटत नाही का?” असं विचारणारा संशोधक मी पाहिला आहे. आजोबा हसले आणि चहा सांगितला. त्या हसण्यात जे होतं ते प्रश्नावलीच्या रकान्यात मावणारं नव्हतं. तुमचा प्रश्न ‘का संपली?’ असा नको. ‘कुणी, कधी, काय ठरवून थांबवलं, आणि त्यानंतर त्या घरात कोणतं गाणं आलं?’ असा हवा. भीमगीतं, जलसे, बुद्धवंदना, लग्नातला बँड ही त्याच घरांची पुढची पानं आहेत.

गोंदिया जिल्ह्यात संगीताचा विषय घेऊन आलेल्यानं सालेकसा तालुक्यातलं कचारगड न बघता परत जाऊ नये. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते; महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. कचारगडच्या गुहेची कथा सांगितली जाते ती अशी : काली कंकालीची मुलं गुहेत कोंडलेली होती, तोंडावर शिळा. गोंडी धर्माचे संस्थापक मानले जाणारे पारी कुपार लिंगो यांच्या सांगण्यावरून हिरासुका या वादकानं बाहेर बसून किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून शिळा ढकलली, आणि ती गडगडत आली ती हिरासुकावरच. मुलं सुटली, वाजवणारा शिळेखाली गेला. डॉ. मोतीराम कंगाली यांनी गोंडी पुनेमवर, म्हणजे गोंडी धर्मावर, जे लिहून ठेवलं त्यात ही कथा वाचता येते. पण यात्रेत ती गाऊन सांगणाऱ्याच्या तोंडून ऐका. किंगरी ही परधानांची. गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा पिढ्यान्‌पिढ्या परधान गात आले, आणि तरी गोंड-परधान यांच्यातली उतरंड हा अवघड विषय आहे. ‘आदिवासी संगीत’ असा एकच शब्द वापरून ती झाकू नका. समतेचा अभ्यास करायचा तर वंचितांच्या आतले थरही बघावे लागतात.

आता जरा वेळापत्रकाचं. विद्यापीठाचं वर्ष आणि धानाचं वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि गाणी धानाच्या वर्षावर चालतात. रोवणीची गाणी जुलै-ऑगस्टमध्ये. त्याच वेळी तुमचे प्रवेश आणि कोर्सवर्क. बलिप्रतिपदेला गायगोधन, गोवारींची ढाल. भाऊबीजेपासून गावोगाव मंडया सुरू होतात आणि मंडईच्या रात्री दंडार, गंमत, नाटक. थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या बंदीनं ते थांबले होते, डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि पटाबरोबर नाटकांच्या रात्रीही परतल्या. होळीच्या आसपास हंगाम ओसरतो. म्हणजे पहिल्या वर्षी नुसतं ऐका आणि ओळखी करा, दुसऱ्या वर्षी मुद्रण करा. एका हंगामात सगळं उरकायला गेलात की माणसं तुम्हाला पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं गाणं म्हणून दाखवतात.

प्रवासाला रेल्वे बरी. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सौंदड, अर्जुनी करत वडशाला पोचवते. वडसा म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथेच आहेत. हंगामापूर्वी गावची मंडळं नाटक ठरवायला इथेच येतात. तो सौदा बघायला मिळाला तर बघा; पडद्यामागचं अर्धं अर्थशास्त्र त्या टेबलावर असतं. हावडा लाइनवर आमगाव, सालेकसा, दरेकसा. दरेकशाला कचारगडसाठी उतरायचं. तीच लाइन पुढे डोंगरगडला जाते आणि तिथून रस्त्यानं खैरागड. तिथल्या राजघराण्यानं आपला राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. गोंदियाच्या मुलांना ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि तरी आमच्याकडच्या मुलांना ते सुचत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. छत्तीसगडचं लोकनाट्य नाचा आणि आपली दंडार शेजारी ठेवून अभ्यास करायचा तर त्याच्यासारखी जागा नाही. हबीब तन्वीरांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ केलं, त्यात नाव कुणाचं मोठं झालं आणि गाणी कुणाची होती, हाही सीमेपलीकडचा पण आपल्याच प्रश्नाचा धागा.

नाटकाची रात्र कशी बघायची? रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो, उजाडेपर्यंत चालतो. नवखा संशोधक पहिल्या रांगेत बसून मोबाईल उभा धरतो. तसं करू नका. एक रात्र प्रेक्षकांत मागे बसा, बायांच्या बाजूला काय बोललं जातं ते ऐका. एक रात्र रंगमंचापुढे ऑर्गन-तबलावाल्यांच्या शेजारी. एक रात्र रंगपटात, परवानगी घेऊन. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. पण त्यानंतर प्रत्येक विद्यार्थी त्यांचीच मुलाखत मागतो. त्यांच्याबद्दल छापून आलेलं वाचा आणि तुमचा वेळ प्रॉम्प्टरला द्या. तालमीला फार दिवस मिळत नाहीत. नट निरनिराळ्या गावांहून येतात. अख्खं नाटक पुटपुटत रात्रभर जागणारा तो माणूस, त्याला कुणी टाळी देत नाही. त्याच्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या संहिता तोंडपाठ असतात आणि कोणत्या गावात कोणता प्रवेश गाळावा लागला हेही माहीत असतं.

पैशांचं विचारायला लाजू नका, पण घाईही करू नका. पहिल्या भेटीत विचारलेल्या आकड्याला अर्थ नसतो. कुणी वाढवून सांगतो, कुणी लपवून. एका प्रयोगाला कोणकोण लागतं याची आधी यादी करा : नायक-नायिका, खलनायक, विनोदी नट, नृत्य करणाऱ्या मुली, वादक, प्रॉम्प्टर, रंगभूषा, प्रकाश, मांडव, चालक. मग प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. दोन अंकांमध्ये नाचणारी मुलगी आणि नाटकाची नायिका यांच्याकडे गाव कोणत्या नजरेनं बघतं, आणि त्या एकमेकींकडे कोणत्या नजरेनं बघतात, हे बोलायला दिवसाची वेळ, शक्यतो स्त्री-संशोधक आणि तिच्या ओळखीची तिसरी बाई हवी. रात्री दोनला रंगपटात टेप चालू करून “तुमच्यावर अन्याय होतो का?” असं विचारणं हाही एक अन्यायच आहे. जाण्याआधी शर्मिला रेगे यांचं लावणी कलावतींवरचं लेखन वाचा आणि शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे २०२२चं पुस्तक वाचा. तमाशातल्या दलित स्त्रियांचा मान, देह आणि जात यांच्याकडे कसं बघायचं ते त्यात आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या पाईक यांना २०२४ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, हे मी मुलींना आवर्जून सांगतो.

मुद्रणाच्या बाबतीत कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमानं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला प्रयोगावर हक्क दिलेला आहे, तो ५० वर्षं टिकतो. गाणं परंपरेचं असलं तरी गाणारी तीच असते. संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कायदा सूट देतो, पण ते यूट्यूबवर टाकलंत की गोष्ट वेगळी होते. म्हणून संमती तीन गोष्टींची वेगवेगळी घ्या : मुद्रण करू का, प्रबंधात छापू का, लोकांना ऐकवू का. छापील इंग्रजी अर्जावर अंगठा घेऊ नका. यंत्र चालू करा आणि त्यांच्याच बोलीत विचारा, उत्तर त्यातच राहू द्या. त्याच वेळी गाव, तारीख, आणि प्रत्येकीचं पूर्ण नाव प्रत्येकीच्याच तोंडून. ‘अमक्याची माय’ म्हणून सांगितलं तर हसत हसत पुन्हा विचारा. कुणी नाव नको म्हणाली तर तेही तितकंच पाळा. जनरेटरपासून लांब बसा, पंखा बंद करायला सांगा, फाइलला लगेच नाव द्या, आणि रात्री झोपण्याआधी दुसऱ्या ठिकाणी प्रत करा. एका मुलाची अख्ख्या मंडईची टेप बसमध्ये राहिली. तो आजही त्या बसचा रंग सांगतो.

लिप्यंतर करताना हात आवरा. झाडी बोलीत ण, ळ, श हे वर्ण नाहीत. ती बाई ‘पानी’ म्हणते, ती चुकत नाही. तुम्ही ‘पाणी’ लिहिलंत तर तुम्ही चुकता. पोवारी, गोंडी, हलबी यांचं तर आणखी जपून. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडी बोलीसाठी आणि दंडारीसाठी जे काम केलं त्याच्यावरून आधी कान तयार करा. आणि प्रबंधात मूळ बोली वर, प्रमाण मराठी खाली, उलटं नको.

जुने कागद शोधणाऱ्यांसाठी एक खूण. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्याआधीचं काहीही ‘गोंदिया’ नावाखाली सापडणार नाही, भंडारा बघा. १९५६पर्यंत हा भाग आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता, म्हणून काही नागपुरात आणि काही भोपाळकडे. भंडाऱ्याचं १९०८चं गॅझेटियर, ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड, रसेल यांचे जाती-जमातींवरचे १९१६चे चार खंड. या चार खंडांच्या मुखपृष्ठाशी जरा थांबा : रसेल मोठ्या अक्षरात, आणि ‘यांच्या साहाय्यानं’ म्हणून रायबहादूर हिरालाल. गोंड-परधानांवर लिहिणारे शामराव हिवाळे बघा. मराठी माणूस, १९४६ साली परधानांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलेला, व्हेरिअर एल्विनबरोबर गाण्यांची पुस्तकं केलेला. पण एल्विन सगळ्यांना ठाऊक आणि हिवाळे विचारलं तर भुवया वर जातात. गाणी गोळा करून देणारा, भाषांतराला बसणारा, मोटरसायकलवर नेणारा तुमचाही कुणी हिवाळे गावात असणारच. त्याला ‘ऋणनिर्देश’ या पानावर ढकलू नका. शोधनिबंधात सहलेखक करा. मार्गदर्शक कुरकुरले तर नियम दाखवायला सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. विभागाचं पत्र मराठीत असू द्या आणि ग्रामपंचायत व पोलीस पाटलांना आधी द्या. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे तालुके अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेले. अनोळखी माणूस यंत्र घेऊन फिरताना दिसला की विचारपूस होते, तिचा राग मानू नका. पैशांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती वेळेवर बघत जा, आणि नेटला संगीत, नाट्य-नृत्य, लोकसाहित्य हे वेगवेगळे विषय आहेत हे फॉर्म भरताना लक्षात ठेवा. २०२४पासून पीएच.डी. प्रवेशालाही नेटचे गुण चालतात.

उरला परतफेडीचा विषय. कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. अर्ज जिल्ह्याच्या समितीपुढे जातो आणि कलेचे पुरावे मागितले जातात : प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. मंडळात काम केलेल्या शाहिराकडे ती असतात. चाळीस वर्षं लग्नांत गाणाऱ्या बाईकडे काय असणार? तुमच्या टेपा, तुमची तारीख घातलेली नोंदवही, विभागाच्या शिक्क्याचं पत्र हा तिच्यासाठी पुरावा होऊ शकतो. ते पत्र न मागता द्या.

आणि मुद्रण परत द्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्ह नेऊ नका. तो शोकेसमध्ये ठेवला जातो. सीडी तर नकोच. गाणं फोनमध्ये चढवून द्या, तेही घरातल्या पोराच्या फोनमध्ये नाही, बाईंच्या स्वतःच्या साध्या फोनमध्ये. त्यात मेमरी कार्डाची खाच बहुधा बॅटरीखाली असते. नखानं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, कार्ड सरकवायचं, पुन्हा लावायचं. अर्जुनीच्या त्या बाईंच्या फोनला झाकण नव्हतं, रबर लावलेलं होतं. गाणं सुरू झालं. त्यांनी फोन कानाशी धरला, आणि मी वही उघडून तेरा नावं विचारायला बसलो.